माझ्या अकरा ओळी

एका बड्या परदेशी कंपनीने पंधरा वर्षं सगळ्या जगाला खुलं ठेवलेलं आपलं सॉफ्टवेअर कुलपात घातल्याची बातमी मी लिक गिनोच्या चहाच्या गाडीवर मोठ्याने वाचत होतो, आणि तिच्यावरचं माझं मत अर्ध्यावर आलं असतानाच हातातल्या फोनला शिंक आल्यासारखा झटका बसला. मत असं होतं, की मी अशा कंपन्यांना दोष देत नाही. दार सतत उघडं ठेवणाऱ्याला कधी तरी वाऱ्याचा कंटाळा येतोच. पण खरी गंमत त्यापुढची. कुलूप लागल्यावर पाचव्या दिवशी तीनशे माणसांनी जुन्या खुल्या प्रतीवरून शेजारीच दुसरं घर उभं केलं, आणि त्या तीनशेंतल्या कुणीही कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "गिनो, तीनशे माणसं. आपल्या गल्लीतल्या लग्नाचा मांडव घालायला बारा जण जमतात, त्यातले चार नुसते सूचना देतात." गिनो म्हणाला, "त्या चारांत तुम्ही, म्बाह." आमच्या जावा बेटावर लिक म्हणजे काका, म्बाह म्हणजे आजोबा, आणि गाडीवर मला सगळे म्बाहच म्हणतात. बाकावर बसलेले पाक सार्वोको खो खो हसले. सार्वोको पस्तीस वर्षं पोस्टात होते, त्यामुळे दुसऱ्याचं पत्र आलं की त्यांना अजूनही आधी कळतं. त्यांनी माझ्या फोनकडे मान लांब केली. "कुणाचं?" मी वाचलं, आणि आल्याच्या चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

पत्र बु मुर्तिनींचं, म्हणजे पंचांग सांभाळणाऱ्या मुर्तिनीबाईंचं होतं. पूर्ण पत्र एवढंच: 'पाक पोनिदी, २००५ साली आपल्या पंचांगाच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही अकरा ओळी दिल्या होत्या. आपण परवाना बदलतो आहोत. आतापर्यंतचा परवाना सांगतो, की जो घेईल आणि सुधारेल त्याने सुधारणा परत द्यावी. नवा सांगतो, घ्या आणि हवं ते करा. सुइणींच्या संघटनेला जन्माच्या नोंदींसाठी पंचांग हवं आहे, पण त्यांना ॲप बनवून देणाऱ्यांचे वकील जुना परवाना मानत नाहीत. चोपन्न जणांनी यात लिहिलं आहे. त्रेपन्न जणांचा होकार आला. त्यांतले एक वारले, त्यांच्या पत्नीने दिला. तुम्ही उरलात. होकार असेल तर हो लिहा. नकार असेल तर तुमच्या ओळी काढू, आणि त्या कधीही न पाहिलेल्या माणसाकडून तो भाग नव्याने लिहून घेऊ. दोन्ही उत्तरं चालतील. दोन आठवडे आहेत. मुर्तिनी.'

मी फोन सार्वोकोंपुढे धरला. हा क्षण मी वीस वर्षं मनातल्या मनात जगलो होतो. म्हणजे पत्र असं नव्हे, पण पुरावा. कारण मी बोलतो त्यातलं निम्मं खरं असतं हे आमच्या साऱ्या बांतुल गावाला माहीत आहे, आणि नेमकं कुठलं निम्मं ते शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. माझी हार्ड डिस्क भाताच्या खाचरात पडली, तिच्यात एक ईल मासा शिरला आणि त्यानंतर ती दुप्पट वेगाने चालायला लागली, हे मी सांगितलं ते कुणी मानलं नाही, ठीक. पण आमचे पाच बाजारवार मोजणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये माझ्या अकरा ओळी आहेत, हेही त्याच पिशवीत गेलं. सार्वोकोंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि फोन परत दिला. "हे तुम्ही स्वतःच टाइप केलंत ना, म्बाह?" गिनोने सोयाबीनचा टेंपे कढईत सोडला. "फार छान लिहिलंय मात्र," तो म्हणाला. "तुमच्यासारखं वाटतच नाही. केवढं थोडक्यात!"

घरी चालत येताना मला दोन्ही बाजूंच्या उसाची सळसळ जरा जास्तच जवळून ऐकू येत होती. दोन्ही उत्तरं चालतील. माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेला हा सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात क्रूर पर्याय. बु मुर्तिनी क्लातेनच्या शाळेत गणित शिकवतात. एकोणीस वर्षं त्या हे पंचांग सांभाळतात. शाळा सुटली की घरी येतात, साडीएवढा लांब कागद असावा तशी तक्रारींची यादी उघडतात, आणि त्या दिवशी आलेल्या तक्रारीला त्याच दिवशी उत्तर देतात. मी त्यांना दोनदाच भेटलो आहे. पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तेच का तुम्ही, संध्याकाळी सहानंतरचे?" त्या माणसांना त्यांच्या दुरुस्त्यांवरून ओळखतात. कुणी 'लीप वर्षवाला', कुणी 'सुरीनाममधले जावानी'. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख व्यासपीठावर हात पसरून उभे असतात, त्यांचे फोटो मी रोज बातम्यांत पाहतो आणि मला हटकून मुर्तिनींचा हात आठवतो. खडूने बोटांच्या रेषा पांढऱ्या झालेल्या. त्या हाताने एकोणीस वर्षांत एकाही माणसाला 'तुमचं चुकलं' असं लिहिलं नाही. 'असंही असू शकेल, पण तपासून पाहू या' असं लिहितात. आणि मग तपासतात, हे विशेष.

त्या अकरा ओळी मी रागाने लिहिल्या होत्या. त्या काळी माझं इंटरनेटचं दुकान होतं, सहा खुर्च्या, पाच चालू. वेग असा, की सकाळी एखादा फोटो उघडायला लावला तर दुपारच्या जेवणाला कपाळ दिसायचं. म्हणून सगळं खुलं सॉफ्टवेअर एका हार्ड डिस्कवर भरून मी बसने बांडुंगहून आणायचो, आणि मग क्लातेनहून, वोनोसारीहून, पार पाचितानहून माणसं आपापल्या रिकाम्या डिस्क सारोंगाच्या लुंगीत गुंडाळून माझ्या दारात यायची. एक डिस्क भरायला चार तास. चार तास माणूस काय करणार? चहा पिणार आणि मतं देणार. माझी सगळी मतं त्या चार-चार तासांत तयार झालेली आहेत. चहा वागियेम द्यायची, माझी बायको. तिला यातलं काही कळत नव्हतं असं ती म्हणायची, पण तिने विचारलेला प्रश्न मला कुठल्याच वर्तमानपत्रात कधी दिसला नाही. "हे कोणी लिहिलं?" मी म्हणालो, हा भाग पोर्तुगालातल्या एकाने, तो ब्राझीलमधल्या बाईने, अशी हजारो माणसं. "त्यांना कळवलंत का, की पोचलं म्हणून?" मी हसलो. ती हसली नाही. ताटलीतली शेंगदाण्याची चिक्की तिने उचलून घेतली आणि म्हणाली, "आधी कळवा." त्या दिवसापासून, एखादं सॉफ्टवेअर नीट चाललं की मी लिहिणाऱ्याला दोन ओळींचं पत्र धाडायचो, मोडक्या इंग्रजीत: इथे जावा बेटावर पोचलं, चालतं, आभार. ब्राझीलच्या बाईचं उत्तर आलं. सात वर्षांत तिला आलेलं पहिलं आभाराचं पत्र माझं होतं, बाकी सगळ्या तक्रारी. वागियेमला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती कांदा चिरत होती, त्यामुळे नक्की काय झालं ते सांगता येत नाही.

तर राग. एका दुपारी कुणीतरी डिस्क भरत असताना मी हे पंचांग उघडून माझी जन्मतारीख घातली. १३ मार्च १९५७. यंत्र म्हणालं, बुधवार पाहिंग. बाजाराचा आमचा पाच दिवसांचा आठवडा, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि पोरगं ज्या बाजारवारी जन्मतं त्यावरून निम्म्या खेड्याची नावं पडतात. पोनला जन्मला म्हणून पोनिदी. वागेला जन्मली म्हणून वागियेम. आणि हे यंत्र मला, पोनिदीला, माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर, पाहिंग म्हणत होतं! कारण उघड होतं. आमचा दिवस मावळतीला बदलतो, यंत्राचा मध्यरात्री. मी संध्याकाळी जन्मलो. वडिलांनी पंचांगाच्या मागल्या पानावर निळ्या शाईत लिहून ठेवलं होतं: सहा वाजून दहा मिनिटं. सहानंतर म्हणजे दुसरा दिवस, म्हणजे गुरुवार पोन. मी तीन दिवस खपून अकरा ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ एवढाच, की घड्याळात संध्याकाळचे सहा वाजून गेले असतील तर पुढचा दिवस धर. पाठवल्या. चौथ्या दिवशी मुर्तिनींनी त्या घेतल्या. नंतर ते पंचांग फोनमध्ये गेलं, लग्नं जमवणाऱ्यांकडे गेलं, गावोगावच्या कॅलेंडरांत गेलं. इथपर्यंत सगळं खरं. सोलो शहरातल्या विमानतळावरची विमानंही माझ्या ओळी पाहून उतरतात, हा भाग मी नंतर जोडला.

नकार मी दुसऱ्याच दिवशी लिहिला. चौदाशे शब्द झाले. पंचांगाच्या सामायिक पत्रयादीवर, सर्वांना दिसेल असा पाठवला. त्यात मी लिहिलं, की घेणाऱ्याने परत द्यावं एवढी एकच अट आपण जगाला घातली होती, तीही सोडली तर आपल्यात आणि रस्त्यावर सांडलेल्या तांदळात फरक काय. कुलूप घालणाऱ्या कंपनीचं उदाहरण दिलं. गेल्या आठवड्यातल्या दुसऱ्या बातमीचंही दिलं, आता सगळं यंत्रच लिहितं म्हणून हजारो माणसांना घरी पाठवणाऱ्यांचं. ते यंत्र कुणाच्या ओळी वाचून शिकलं, असा प्रश्न टाकला. उत्तम उतरलं होतं. पाठवलं आणि लगेच ते परत घ्यायचं बटण शोधू लागलो. कारण मला ठाऊक होतं की यातला एकही शब्द मी विचार करून लिहिलेला नाही. वीस वर्षं गिनोच्या बाकावर तोंडाने हेच म्हटलं होतं, आणि आता तोंडाने हाताला ओढत नेलं. हो म्हणालो असतो तर ओळी राहिल्या असत्या. नाही म्हणालो म्हणून माझं मत राहिलं. मत तर माझ्याकडे पोतंभर होतं. ओळी अकराच होत्या. आणि सुइणी! रात्री-अपरात्री बाळंतपणाला सायकल काढणाऱ्या त्या बायकांविरुद्ध मी चौदाशे शब्द लिहिले होते.

मुर्तिनींचं उत्तर त्याच दिवशी आलं. 'आभार, म्बाह. तुमचा नकार त्रेपन्न होकारांइतकाच मोलाचा आहे. सोमवारी ओळी काढते.' पहिल्यांदाच त्यांनी मला म्बाह म्हटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सोमवारी मी पाहत बसलो होतो. काढलेल्या ओळी लाल दिसतात, प्रत्येकीच्या आधी वजाबाकीची छोटी रेघ. अकरा रेघा. पण त्यांच्यात एक गोष्ट अशी आहे जी कुठल्या सरकारी कचेरीत नाही: ते काढतात, पुसत नाहीत. कोणी कधी काय दिलं आणि का काढलं, सगळं मागे वाचता येतं. मी वाचलं. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: 'लेखकाची परवानगी नाही. ओळी चांगल्या होत्या.' पंखा बंद झाल्यावर इतका वेळ तो चालू होता हे कळतं, तशी त्या दुपारी खोली झाली.

गिनोच्या गाडीवर मी सांगितलं, की ओळी काढल्या. सार्वोको म्हणाले, "म्हणजे आता विमानं कशी उतरणार?" मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी केळीच्या पानातली मुठीएवढ्या भाताची पुडी माझ्याकडे सरकवली. सार्वोको माणूस असे आहेत, माफी मागत नाहीत, भात सरकवतात. "खऱ्या होत्या की काय त्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "होत्या." भूतकाळात म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं.

नवा भाग लिहायला दुसऱ्या बेटावरच्या मकास्सारची तेनरी पुढे आली. वय चोवीस, बुगिस समाजातली, बाजारवार म्हणजे काय ते तिने ऐकलेलंही नव्हतं, आणि म्हणूनच ती योग्य होती. या लोकांचा नियम असा: ज्याने जुन्या ओळी पाहिल्या त्याने नव्या लिहायच्या नाहीत, आणि जी नव्या लिहील तिने जुन्या पाहायच्या नाहीत. मधे भिंत. पण भिंतीवरून बोलायला बंदी नाही, फक्त साध्या शब्दांत. तिने यादीवर विचारलं, "म्बाह पोनिदी, आमच्याकडे दिवस रात्री बाराला बदलतो. तुमचा कधी बदलतो, ते लहान बहिणीला सांगितल्यासारखं सांगाल का? ओळ एकही दाखवायची नाही हं, नाहीतर बु मुर्तिनी मला हाकलतील." मी सांगितलं. मावळतीला. "मावळतीला म्हणजे किती वाजता?" मी म्हणालो, मावळतीला म्हणजे मावळतीला. "पण मावळती रोज वेगळी, गावागावाची वेगळी. सुरीनामात तर फारच वेगळी." माझ्या ओळींत सहा म्हणजे सहा होते, बारा महिने, सगळ्या जगाला.

चार दिवसांत तिने लिहिलं. तीन ओळी. मी त्या तीन ओळी वाचल्या तेव्हा मला हेवा वाटायला हवा होता, आणि त्याच्या तयारीने मी बसलोही होतो. पण हातमागावर कुणाचा धोटा इकडून तिकडे अलगद जाताना पाहावा तसं झालं. ती जागा विचारते, त्या जागी त्या दिवशी सूर्य कधी मावळला ते काढते, आणि जन्म त्याच्या आधीचा की नंतरचा ते पाहते. बस. एवढं सोपं करायला डोकं किती शांत असावं लागतं! अकरा ओळींत मी सूर्याला कुठे विचारलंच नव्हतं. गिनोला मी म्हणालो, "पोरीने केलंय काय, सांगू? मी भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो, ती खिडकीतून बाहेर पाहते." गिनो म्हणाला, "मग तुम्ही वीस वर्षं काय मिरवत होता?" "घड्याळ," मी म्हणालो.

नव्या भागाला तपासणीची उदाहरणं लागतात, ज्यांचं उत्तर आधीच पक्कं माहीत आहे असे जन्म. सॉफ्टवेअरमध्ये कुणी कुठेही बोट लावलं, की यंत्र ही उदाहरणं पुन्हा सोडवून पाहतं. एक जरी चुकलं तरी बदल आत येत नाही. तेनरीने मागितली. वस्तुस्थितीला परवाना लागत नाही. जन्माच्या वेळेवर कुणाची मालकी नाही. मी पहिलं उदाहरण दिलं. पोनिदी, बांतुल, १३ मार्च १९५७, सहा वाजून दहा मिनिटं, उत्तर गुरुवार पोन. ओळी गेल्या तरी मी स्वतः आत जाऊन बसणार होतो. फार दिवसांनी मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तेनरीचं पत्र. "म्बाह, बाकी सगळी उदाहरणं बरोबर येतात. फक्त तुम्ही येत नाही. तुम्ही बुधवार पाहिंग येता. त्या दिवशी बांतुलला सूर्य सहा वाजून तेवीस मिनिटांनी मावळला." मी उलट लिहिलं, की पोरी, मी इथे सदुसष्ट वर्षं राहतो, मार्चमध्ये इथे सहाच्या आधीच मावळतो, तू मकास्सारात बसून मला सांगू नकोस. तिचं उत्तर: "आताच्या घड्याळाने आधीच मावळतो. पण १९६४च्या आधी जावातली घड्याळं आताच्या अर्धा तास पुढे होती ना?"

जगात मूठभर माणसं अशी आहेत, जी कुठल्या देशाने कुठल्या दिवशी घड्याळ किती मिनिटं सरकवलं याची यादी सांभाळतात. जुनी वर्तमानपत्रं, रेल्वेची वेळापत्रकं, राजपत्रं उकरून. एखाद्या बेटाने शंभर वर्षांपूर्वी वीस मिनिटं बदलली असली तरी ती त्यांच्याकडे आहेत. जगातला प्रत्येक फोन त्या यादीवर उभा आहे आणि त्यातल्या एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. या माणसांबद्दल मी गिनोच्या गाडीवर इतक्या वेळा बोललो आहे की सार्वोकोंनाही पाठ झालं असेल. आणि माझ्या अकरा ओळींत मीच ती यादी पाहिली नव्हती! तेनरीने पाहिली. मला ते विसरण्याचाही हक्क नव्हता, कारण मी तेव्हा सहा वर्षांचा होतो आणि नवीन वर्षाच्या सकाळी वडिलांनी खिशातलं घड्याळ काढून काटा मागे फिरवला होता. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. "सरकारने अर्धा तास परत दिला," ते म्हणाले होते, "आता यात काय करशील?" मी म्हणालो होतो, झोपीन. त्यांच्या अंगठ्याखाली चाकाचा करकर आवाज मला आता, या खुर्चीत, ऐकू आला. आणि त्यामागून मावशीचा आवाज. आईच्या थोरल्या बहिणीचा. ती मला मरेपर्यंत 'पाइनो' म्हणायची. पाहिंगला जन्मलेल्याचं नाव. मी समजायचो, म्हातारी विसरभोळी आहे. ती बाळंतपणाला खोलीत होती. संध्याकाळचा नगारा मशिदीत वाजला नव्हता, पण कारखान्याचा सहाचा भोंगा झाला होता, आणि वडील म्हणाले, भोंगा झाला म्हणजे दिवस संपला. कारखान्याच्या माणसाला सूर्य तो भोंगाच. मावशीने भांडून पाहिलं असेल. मग तिने वाद सोडला आणि मला आयुष्यभर बरोबर नावाने हाक मारली.

तेनरीच्या पत्राखाली मुर्तिनींच्या दोन ओळी होत्या. 'म्बाह, वेळ आठवणीतली असेल तर हे उदाहरण काढून टाकू. काही बिघडत नाही.' किती मऊ दार उघडून दिलं होतं बाईंनी! फक्त म्हणायचं, वेळ नक्की आठवत नाही. किंवा सहा पंचवीस म्हणायचं. वडिलांच्या अक्षरातला शून्य पुसट आहे, कोण पाहायला येतंय. मी याहून मोठमोठ्या गोष्टी जोडल्या आहेत. तो ईल मासा जोडला. पण आता गोष्ट नुसत्या नावाची राहिली नव्हती. एक्क्याऐंशी साली माझं आणि वागियेमचं ठरत होतं तेव्हा तिच्या काकांनी आकडे मांडले. प्रत्येक वाराला आकडा, प्रत्येक बाजारवाराला आकडा, दोघांची बेरीज, तिला आठाने भाग. तिचा रविवार वागे, नऊ. माझा गुरुवार पोन, पंधरा. चोवीस. आठाने पूर्ण भाग जातो. मरेपर्यंत शांत संसार. काकांनी कागद खाली ठेवला आणि चहा मागवला. बुधवार पाहिंग म्हणजे सोळा. सोळा आणि नऊ पंचवीस. बाकी एक. बाकी एक म्हणजे ताटातूट, आणि त्या घरात ताटातुटीच्या आकड्यावर मुलगी दिली जात नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीचं एक स्थळ त्यांनी असंच परत पाठवलेलं मला माहीत होतं. मी तिथेच चहा पिऊन घरी आलो असतो आणि पुढे कुणाला तरी सांगितलं असतं, की एक मुलगी पाहिली होती, कांदा फार बारीक चिरायची. चूक त्या कागदावर होती म्हणून अडतीस वर्षं मला घरात चहा मिळाला, प्रश्न मिळाले, चिक्की हिसकावून घेणारा हात मिळाला. ती गेली त्यालाही आता काही वर्षं झाली. उदाहरण आत ठेवायचं म्हणजे सगळ्यांना दिसेल असं लिहून द्यायचं, की तो संसार आकड्याप्रमाणे व्हायला नको होता. तिच्या माहेरची माणसं अजून आहेत. तिचा पुतण्या याच पंचांगावरून आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख पाहतो.

बाहेर कोंबडी कोरड्या पानांत पाय घाशीत होती. विचार असा काही येत नव्हता. फक्त दिसत होतं, की बांतुलमध्ये माझ्या वयाची, भोंगा आणि मावळती यांच्यामधल्या त्या तेवीस मिनिटांत जन्मलेली आणखी माणसं असतील, चुकीच्या नावाने म्हातारी झालेली. सुइणींच्या यंत्राने त्यांना तरी नीट विचारावं. आणि त्या पोरीच्या तीन ओळी. त्यांत एक मिनिटही खोटं घातलेलं मला सहन झालं नसतं. स्वच्छ अंगणात थुंकल्यासारखं. मी लिहिलं: 'वेळ वडिलांच्या अक्षरात आहे. सहा दहा. बरोबर आहे. उत्तर माझं चुकलं होतं, तुमचं बरोबर. पाहिंग लिहा. नाव पोनिदीच ठेवा, म्हणजे कोडं वाटेल आणि कुणीतरी विचारेल.' खाली सवयीने जोडलं: पोचलं, चालतं, आभार. मग आणखी एक ओळ: 'आणि बु मुर्तिनी, ओळी काढून झाल्यावर सांगतो, परवान्याला माझा होकार आहे.' त्याचा आता काही उपयोग नव्हता. त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं: 'नोंद केली.'

संध्याकाळी गाडीवर मी सगळं सांगितलं. घड्याळ, भोंगा, मावशी, पंचवीस. मधे एकही गोष्ट जोडली नाही, त्यामुळे मला स्वतःलाच ते कोरडं लागत होतं. सार्वोकोंनी ग्लासातली खडीसाखर ढवळली. "म्हणजे तुम्ही पोनिदी नाहीच," ते म्हणाले. "छान आहे. ईल माशापेक्षा छान आहे." गिनोने मात्र हातातला झारा थांबवला. त्याने स्वतःच्या मुलीचं एक स्थळ गेल्याच वर्षी आकड्यावरून मोडलं होतं, आणि वागियेमला तो लहानपणापासून ओळखत होता.

"म्बाह, खरं सांगा. अडतीस वर्षं तुम्ही दोघं पंचविसात राहिलात?"

"पंचविसात."

"आणि कधीच काही बिघडलं नाही?"

"बिघडायचं की. रोज काहीतरी बिघडायचं," मी म्हणालो. "ती दुरुस्त करायची. मला सांगायचीसुद्धा नाही."

टेंपे एका बाजूने जास्त तांबडा झाला होता, तो गिनोने उलटला.